बाळंतिणीला हवा वडीलधाऱ्यांचा आधार

स्तनपान हा केवळ आई आणि बाळ या दोघांचा विषय आहे, असे आपण सहज मानतो. वैद्यकीय व्यवसायात मला मात्र वेगळेच दिसत आले आहे. बाळाला आईचे दूध किती काळ मिळणार, हे पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांच्या एका वाक्यावर ठरते. म्हणून हा लेख आजी-आजोबांसाठी, म्हणजे आपल्यासाठी आहे.

मीरा-भाईंदरमधील नेहमीचे चित्र पाहा. मुलगा सकाळच्या लोकलने मुंबईला जातो, तो रात्रीच परततो. लहानशा घरात दिवसभर बाळंतीण, बाळ आणि मदतीला आलेली आई किंवा सासू. तिसऱ्या दिवशी बाळ रडू लागते आणि कोणीतरी म्हणते, ‘हिला दूध पुरत नाही वाटतं.’ संध्याकाळी पावडरीचा डबा घरात येतो. डब्याच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. बाळ जितके कमी ओढेल, तितके दूध कमी तयार होते. अशा रीतीने काळजीपोटी उच्चारलेले ते वाक्य आठवडाभरात खरे ठरते.

वास्तविक पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक थोडाच असतो आणि नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. तो वाया घालवू नये. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते. बाळाचे वजन सुरुवातीला थोडे घटते आणि सुमारे दोन आठवड्यांत जन्माच्या वेळेइतके होते. दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाकाठी किमान सहा लंगोट लघवीने ओले करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर निश्चिंत राहा. पहिले सहा महिने पाणी, गुटी, मध यांपैकी काहीही देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर धोकादायक ठरू शकतो.

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या शीव रुग्णालयात देशातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेथे इतर मातांनी दिलेले दूध मिळू लागले. 1991 मध्ये वर्ध्यात ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी संसदेने बालदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा केला. त्यामुळे अशा पावडरींची जाहिरात करण्यास आणि मातांना मोफत नमुने वाटण्यास मनाई आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बाळांचे प्रमाण देशात 41.8 टक्केच आहे. कायदा जाहिरात थांबवू शकतो; घरातील शंका आपणच थांबवू शकतो.

त्यासाठी काय करावे? बाळंतिणीला उपदेशापेक्षा विश्रांती द्या. रात्रीचे पाजणे तिलाच करावे लागते. म्हणून दिवसा ती झोपली असताना दारावरची बेल, पाहुणे आणि स्वयंपाक आपण सांभाळा. आजोबांनी मोठ्या नातवाला शाळेत पोहोचवले, तरी तिचा अर्धा भार हलका होतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू प्रेमाने अवश्य द्या. परंतु दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार ओढल्याने, हे ध्यानात ठेवा. पाजताना दुखत असेल, तर ‘सहन कर’ म्हणू नका. बहुधा बाळाने स्तनाग्रच धरलेले असते. त्याचे तोंड मोठे उघडून भोवतालचा काळसर भागही तोंडात जाईल, असे धरावयास हवे.

2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा कायद्याने मिळते. ती संपल्यावर सून किंवा लेक लोकल गाठू लागते, तेव्हा खरी जबाबदारी आजीवर येते. आईने स्वच्छ हाताने काढलेले दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात ठेवावे. आपल्याकडील उकाड्यात ते चार तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. शीतकपाटात चोवीस तास ठेवता येते. ते गॅसवर उकळू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. नळीच्या बोंडल्यापेक्षा वाटी स्वच्छ करणे सोपे. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण सुरू करावे; स्तनपान दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही चालू ठेवता येते.

बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आईचा स्तन लाल, कठीण झाला आणि ताप आला, तरीही सहसा पाजणे थांबवावे लागत नाही. उपचार मात्र त्वरित हवेत. काही मातांना वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावेच लागते. अशा आईला दोष देऊ नका. तिलाही तितक्याच आधाराची गरज असते.

दरवर्षी 1 ते 7 ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा महिला मंडळात एका दुपारी आशाताईंना बोलावून यावर चर्चा घडवून आणा. सोसायटीच्या कार्यक्रमात पाजणाऱ्या आईसाठी एखादी आडोशाची जागा मागा. या मागण्या तरुण मुलींना संकोचामुळे करता येत नाहीत; आपल्या वयाच्या माणसाने केल्या, तर त्या ऐकल्या जातात. आणि घरी बाळ रडू लागले की एवढेच म्हणा, ‘तू पाज निवांत, बाकीचं मी बघते.’