सेझ : करसवलत आणि रायगडची जमीन

विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे ‘सेझ’, हे असतं देशातच. पण सीमाशुल्कापुरतं ते परदेश मानलं जातं. कच्चा माल आयात शुल्काविना आत येतो आणि बहुतेक परवाने एकाच ठिकाणी मिळतात. २००५ च्या कायद्यानं निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी आयकरमाफी दिली.

कर आणि परवाने सोपे झाले. अडलं ते जमिनीपाशी. पेण, उरण, पनवेल भागात महामुंबई सेझसाठी १८९४ च्या कायद्यानं भूसंपादन सुरू झालं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातले शेतकरी भातशेती सोडायला तयार नव्हते. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारनं पेण तालुक्यातल्या २२ गावांत जनमत घेतलं. पुढे मुदतीत संपादन झालं नाही आणि प्रकल्प बारगळला.

२०१३ च्या नव्या कायद्यानं खासगी कंपनीसाठीच्या भूसंपादनाला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती सक्तीची केली. उरणला जवाहरलाल नेहरू बंदराचा सेझ उभा राहिला, तो बंदराच्याच ताब्यातल्या जमिनीवर. कारखानदाराचं काम सोपं करणारा कायदा जमीनमालकाला विचारत नसेल, तर सुधारणा अर्धीच राहते.