फ्रीडरिशची चंद्रकोर

रोमँटिक चित्रकला म्हटले की डोळ्यांपुढे येतात पौर्णिमेच्या चंद्राखालचे चंदेरी डोंगर. कास्पर डाव्हिड फ्रीडरिशच्या 'चंद्राकडे पाहणारे दोन पुरुष' (१८१९-२०) या चित्रापुढे मात्र ही समजूत टिकत नाही. ड्रेस्डेनच्या संग्रहालयातले हे तैलचित्र जेमतेम ३३ बाय ४४.५ सेंटिमीटरचे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेएवढे. डोंगरातली खडकाळ वाट, अर्धवट उन्मळलेला ओक, पाठमोरे दोघे. आणि त्यांच्यासमोर एक बारीक कोर.

ही कोर नीट पाहावी. तिच्या कवेत चंद्राचे उरलेले बिंबही अंधूक दिसते, शेजारी शुक्र आहे. हा कल्पनाविलास नव्हे. चंद्र कोरीएवढा असतो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसेल; तिच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्राच्या काळोख्या भागावर पडतो आणि तो भाग राखाडी उजळतो. भाऊ नसलेल्या बहिणी भाऊबीजेला ज्या चंद्राला ओवाळतात, तो असाच. सूर्यास्तानंतर पश्चिमेला, क्षितिजालगत, थोडाच वेळ दिसणारा.

कोर म्हणजे ख्रिस्त आणि वठलेला ओक म्हणजे जुना मूर्तिपूजक धर्म, असा अर्थ काही समीक्षक लावतात. फ्रीडरिश श्रद्धाळू होता हे खरे, पण अशी किल्ली लावली की चित्र बंदच होते, असे मला वाटते. मला खिळवून ठेवतात ते त्या दोघांचे कपडे. लांब झगा, रुंद टोपी: हा 'जुना जर्मन' वेष नेपोलियनविरुद्धच्या लढ्यानंतर स्वातंत्र्य आणि एकसंध राष्ट्र मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी उचलला होता. १८१९च्या कार्ल्सबाड फर्मानांनी विद्यार्थी संघटना दडपल्या, वृत्तपत्रांवर पहारा बसवला. हा वेषही संशयास्पद ठरला. नेमक्या त्याच सुमारास फ्रीडरिश तो रंगवत होता! स्टुडिओत आलेल्या पाहुण्यांना तो थट्टेने म्हणाला, की हे दोघे सरकारविरुद्ध कारस्थान रचताहेत. चित्रात ते फक्त उभे आहेत.

थोरला म्हणजे स्वतः फ्रीडरिश आणि त्याच्या खांद्यावर हात टेकलेला धाकटा म्हणजे शिष्य आउगुस्ट हाइन्रिश, असे बहुतेक मानतात. हाइन्रिश १८२२ मध्ये, तिशीही न गाठता वारला. नॉर्वेचा चित्रकार योहान ख्रिश्चन डाल हा फ्रीडरिशचा मित्र. पुढे दोघे एकाच घरात राहत. त्याने आपले एक चित्र देऊन हे घेतले. ड्रेस्डेनच्या संग्रहात ते गेले १८४० साली. त्याच वर्षी, पक्षाघाताने खचलेला आणि जवळजवळ विस्मृतीत गेलेला फ्रीडरिश वारला.