त्र्याहत्तर वळणांचं माहेर

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कानठळ्या बसवणारा आवाज, धुराचे लोट आणि हेल्मेट घातलेले पुरुष. 'आपल्याला काय करायचंय त्याचं!' म्हणून आपण पान उलटतो. पण मैत्रिणींनो, आज हे पान उलटू नका. आजची आपली नायिका शर्यतीतली असली, तरी ती वाढली हॉटेलात, शिकली पाहुण्यांची सरबराई आणि जिंकली अशी शर्यत, जिथं नुसता वेग कामाला येत नाही.

तिचं नाव सबीन श्मिट्झ. जन्म १४ मे १९६९, जर्मनीतल्या आयफेल डोंगरांतल्या आडेनाऊ गावी. जवळच्या न्यूरबुर्ग गावात आईवडिलांचं हॉटेल होतं आणि हॉटेलच्या तळघरात खानावळ. घरात तिघी बहिणी. आणि घराभोवती, म्हणजे अगदी सगळ्या गावाला वेढा घालून, शर्यतीचा एक जगप्रसिद्ध रस्ता!

हिरवा नरक

हा रस्ता १९२७ साली सुरू झाला. आपला खंडाळ्याचा घाट आठवा. तसाच घाट दाट जंगलातून जवळजवळ एकवीस किलोमीटर गोल फिरवून पुन्हा सुरुवातीला आणून सोडला, तर जे होईल ते हे न्यूरबुर्गरिंग! त्र्याहत्तर वळणं आणि सुमारे तीनशे मीटरचा चढउतार. जॅकी स्ट्युअर्ट या नामांकित शर्यतपटूनं त्याला 'हिरवा नरक' असं नावच ठेवलं. १९७६ साली निकी लाउडा इथं जळत्या गाडीत सापडून मरता मरता वाचला, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनच्या गाड्या या जुन्या रस्त्यावर पुन्हा शर्यतीला आल्या नाहीत.

गंमत अशी की, शर्यत नसेल तेव्हा टोल भरून कुणीही आपली साधी गाडी या रस्त्यावर नेऊ शकतं. हॉटेलात उतरणारी मंडळीही त्यासाठीच यायची. जेवणाच्या टेबलावर गप्पा कशाच्या, तर कोणत्या वळणावर ब्रेक कधी दाबावा याच्या! अशा घरातल्या मुलींना गाडीचं वेड लागलं नाही तरच नवल. सुरुवातीला तिघी बहिणी शर्यतीत उतरल्या. टिकून राहिली ती सबीन.

पण म्हणून तिनं घरचा व्यवसाय टाकला, असं समजू नका. तिनं हॉटेलचं रीतसर शिक्षण घेतलं, कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यावी याची विद्याही संपादन केली. चूल आणि चाक, दोन्ही तिनं एकदम सांभाळलं.

चोवीस तास म्हणजे काय?

या रस्त्यावर १९७० पासून चोवीस तासांची शर्यत होते. शनिवारी दुपारी निघायचं, ते रविवारी दुपारी थांबायचं. एका गाडीवर तीन-चार चालक असतात. एकानं तास-दीड तास चालवायचं, मग पेट्रोल भरताना दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची. इतरांनी तेवढ्यात चार घास खायचे, जमलं तर डोळा लावायचा.

यात कसोटी कशाची लागते? तुम्ही म्हणाल, वेगाची. ती तर लागतेच, पण त्याहून जास्त लागते सातत्याची. एक फेरी वाऱ्यासारखी मारली आणि पुढच्या फेरीत गाडी कठड्याला घासली, तर कमावलेलं सगळं गेलं. ब्रेक, गिअर, टायर हे सगळं चोवीस तास पुरवायचं असतं. महिनाअखेरीला डबा पुरवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको! शिवाय गाडी एकटीची नाही. आपण जशी वापरू, तशीच ती पुढच्याच्या हाती जाणार.

त्यात शंभराहून जास्त गाड्या एकाच वेळी रस्त्यावर. काही भरधाव, काही त्यांच्या मानानं गोगलगायी. रात्री जंगलात मिट्ट काळोख, मागून येणाऱ्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर. कडेला तंबू ठोकून बसलेले प्रेक्षक निखाऱ्यावर मांस भाजत असतात, त्याचा वास थेट गाडीत येतो. आणि पाऊस तर असा लहरी की डोंगराच्या या अंगाला धो धो, त्या अंगाला कोरडं ठणठणीत. कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर लावायचे की पावसाळी खाचांचे? इथं पुस्तकी हुशारी उपयोगी पडत नाही. या ढगाचं पाणी कुठं पडणार, हे त्या मातीत वाढलेल्यालाच कळतं.

सबीनला ते कळत होतं. १९९६ साली बीएमडब्ल्यू गाडीवर आपल्या साथीदारांसह तिनं ही शर्यत जिंकली. तोवर ती कोणत्याही स्त्रीनं जिंकली नव्हती. 'नशिबानं जिंकली असेल' म्हणणाऱ्यांना उत्तर लगेच १९९७ साली मिळालं. ती पुन्हा जिंकली! १९९८ साली याच रस्त्यावर हंगामभर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतमालिकेचं विजेतेपदही तिच्याकडे आलं.

नाव बदललं, रस्ता तोच

विजेत्यांच्या जुन्या याद्यांत मात्र 'सबीन रेक' असं नाव सापडतं. ही कोण? ही आपलीच सबीन. लग्नानंतर ती पुलहाइम गावी राहायला गेली आणि सासरच्या नावानं शर्यतीत उतरू लागली. पुढे तो संसार मोडला. ती न्यूरबुर्गला परत आली, स्वतःची खानावळ चालवू लागली. खानावळीला नाव दिलं 'फुक्सर्योरे', म्हणजे कोल्ह्याचं बीळ. शर्यतीच्या रस्त्यावरच्या एका खोल उताराचं ते नाव! मोडल्या संसारातून माहेरी परतणं सोपं नसतं, हे आपल्याला काय सांगावं? पण तिच्या माहेराला त्र्याहत्तर वळणं होती आणि त्यातलं एकही तिला परकं नव्हतं.

पोटासाठी तिनं आणखी एक काम केलं: टॅक्सी! प्रवाशांना बीएमडब्ल्यूत बसवायचं आणि रस्त्याची एक फेरी भरवेगानं मारून आणायची. लोक तिला जगातली सर्वांत वेगवान टॅक्सीवाली म्हणू लागले. वर्षाला हजारावर फेऱ्या व्हायच्या, आणि एकूण वीस हजारांहून जास्त झाल्या असतील असा तिचा स्वतःचा अंदाज होता. तोच रस्ता, तीच वळणं, रोज. आपण ज्याला 'रोजचंच' म्हणून नाक मुरडतो, त्यातूनच तिची विद्या तयार झाली.

२००४ साली 'टॉप गिअर' या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाचे जेरेमी क्लार्कसन डिझेलची जग्वार घेऊन आले. त्यांनी मोठ्या खटपटीनं एक फेरी ९ मिनिटं ५९ सेकंदांत मारली. सबीननं तीच गाडी घेतली आणि ९ मिनिटं १२ सेकंदांत परत आली. वर म्हणाली, एवढ्या वेळात तर मी सामानाची व्हॅन फिरवून आणीन! आणि नंतर खरोखरच व्हॅन घेऊन निघाली. १० मिनिटं ८ सेकंद लागले, बोललेलं थोडक्यात हुकलं. पण वाटेत त्या मालगाडीनं भल्या भल्या गाड्यांना मागं टाकलेलं पाहून जगभरचे प्रेक्षक हसले आणि तिच्या प्रेमात पडले.

थोडं आपल्यासाठी

ज्या भगिनी स्वतः गाडी चालवतात, त्यांनी लांब पल्ल्याच्या चालकांच्या सवयी जरूर उचलाव्यात. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकावं, इतक्या अंतरावर बसा. नजर बॉनेटसमोर नको, दूर ठेवा. गाडी नजरेमागं जाते. आणि दर दोन तासांनी थांबाच. पापणी जड झाल्यावर 'आता पोचलोच' म्हणणं हा पराक्रम नव्हे.

पहिलं वळण

पुढे जोडीदार क्लाउस आबेलनबरोबर तिनं 'फ्रिकाडेली' या संघातून पोर्शे गाडी चालवली. फ्रिकाडेले म्हणजे खिम्याची कटलेटं. जोडीदाराच्या घरचा तोच धंदा, म्हणून संघाचं नावही तेच! २००८ साली चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांचा तिसरा क्रमांक आला.

२०१७ च्या अखेरीस तिला कॅन्सर झाल्याचं कळलं. उपचार झाले, मधूनमधून ती पुन्हा गाडीतही बसली. पण आजार उलटला. आपण शर्यतीत का दिसत नाही, हे २०२० च्या जुलैमध्ये तिनं चाहत्यांना स्वतःच सांगितलं. १६ मार्च २०२१ रोजी ती गेली. वय अवघं एक्कावन्न.

त्याच वर्षी जुन्या रस्त्याच्या पहिल्या वळणाला तिचं नाव देण्यात आलं. २०२३ साली तिच्या 'फ्रिकाडेली' संघानं चोवीस तासांची शर्यत जिंकली. १६२ फेऱ्या, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या वर. श्रीनगरहून कन्याकुमारी गाठूनही थोडं उरेल एवढं! त्या १६२ फेऱ्यांत दर वेळी जुन्या रस्त्यावर शिरताना पहिल्यांदा लागलं ते सबीनचं वळण.