मुरुडला दोन रात्री: आधी चांदची तारीख पाहा, मग तिकीट काढा

आपण वाशीमची माणसं. विहीर पोहून मोठी झालेली, तलाव ओळखणारी. समुद्र मात्र आपल्याला कळत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही घरचे सात जण मुरुड-जंजिऱ्याला गेलो. जायच्या आधी अम्मीनं एकच विचारलं, "पाणी कधी चढतं, कधी उतरतं, माहीत आहे का?" मी शिक्षक असूनही माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधलं आणि सगळा बेत बदलला. तेच इथं सांगतो.

आधी सफर. वाशीमहून अकोला साधारण ८० किलोमीटर. तिथून रात्रीची विदर्भ किंवा अमरावती-मुंबई एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. तिथून टॅक्सीनं गेटवे, गेटवेहून लाँचनं सुमारे तासाभरात मांडवा, मग बसनं अलिबाग आणि पुढं एसटीनं मुरुड. अलिबाग ते मुरुड अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात लाँचही बंद आणि जंजिऱ्याच्या होड्याही बंद. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर खोली आधीच ठरवा.

आता पाण्याचं गणित. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन्हींमध्ये सहा तासांहून थोडं जास्त अंतर असतं. चंद्र रोज पुढं सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. कोळी बांधव तिथीला तीन चतुर्थांशानं गुणून भरतीची वेळ काढतात. आपल्या घरात तर चांदची तारीख लिहिलेलं कॅलेंडर असतंच. त्या तारखेत एक मिळवा, तीननं गुणा, चारनं भागा. उदाहरणार्थ, १० चांद असेल तर ११ गुणिले ३ म्हणजे ३३, भागिले ४ म्हणजे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी. १५ तारखेच्या पुढं असाल तर आधी १५ वजा करा. हा अंदाज आहे, तासभर इकडंतिकडं होतो. पक्की वेळ त्या दिवशी गावात विचारा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे १-२ आणि १४ ते १६ चांदला, उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ७ ते १० आणि २१ ते २४ चांदला भांगाची भरती, त्यामानानं शांत. मुलं सोबत असतील तर याच तारखा धरा.

पण शांत म्हणजे सुरक्षित नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी उधाण नव्हतं, चांद अर्धा होता. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं आणि मुलं त्याच्यामागं जातात. परतणारं पाणी मग मागच्या खोलगट जागा आधी भरतं. मोबाईलवर क्रोएशियाच्या निळ्या समुद्राचे व्हिडिओ पाहून मुलं म्हणतात, तिथं तर सगळे बिनधास्त उतरतात. तो एड्रियाटिक समुद्र. तिथं बहुतेक ठिकाणी चढ-उतार एक मीटरचाही नसतो. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला तो चार मीटरच्या आसपास जातो.

म्हणून आम्ही घरातच नियम केले. गुडघ्याच्या वर पाणी नाही. पाणी उतरू लागलं की सगळे बाहेर. एक मोठा माणूस कोरड्या वाळूवर उभा राहून फक्त डोकी मोजेल, फोटो काढणार नाही. बुरखा, साडी किंवा जीन्स भिजली की जड होते आणि पाय अडकतात, तेव्हा पाण्यात जायचं तर हलके कपडे. स्थानिक माणूस "नका जाऊ" म्हणाला तर वाद घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी मिळते. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जज़ीरा'वरून आला, अर्थ बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांनाही जिंकता आला नाही. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, हे पाहून मुलं थक्क होतात. प्यायचं पाणी मात्र सोबत न्या. परतताना खोकरीचे सिद्दींचे मकबरे जरूर पाहा.

जेवणाची चिंता नाही. कोकणी मुस्लिम घरांमध्ये सांगून ठेवलं तर तांदळाची भाकरी आणि मासळी मिळते. एक गंमत सांगतो. ही मंडळी शाफई, आपण बहुतेक हनफी. त्यामुळं तिथं असरची अजान आपल्यापेक्षा बरीच आधी होते. माझा धाकटा म्हणाला, "अब्बू, इथलं घड्याळ पुढं आहे का?"

घड्याळ तेच आहे बेटा. फक्त समुद्राचं घड्याळ वेगळं, आणि ते चांदवर चालतं. जायच्या आधी ते एकदा पाहून घ्या.