हजेरीपट भिजला त्याची गोष्ट

“साहेब, हजेरीपट पावसात भिजला.”

ठेकेदाराने हे इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाच वाईट वाटलं. भोसरीतल्या एका कारखान्यात त्याची बावीस माणसं लोडिंगला होती, तीन महिन्यांचा पगार थकला होता. मी तेव्हा सरकारी कामगार अधिकारी. समेटाच्या तारखा माझ्यापुढे लागायच्या, आणि हजेरीपट भिजायला आमच्याकडे पावसाळाच लागतो असं नव्हतं.

पुढच्या तारखेला कारखान्याच्या एचआरला गेटवरचं रजिस्टर घेऊन बोलावलं. तो आला तोच हात झटकत. “माणसं ठेकेदाराची. आमचा काय संबंध?” संबंध होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१: ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा आणि त्याच्या बिलातून कापून घ्यायचा. मी पुस्तक पुढे सरकवलं, चहा मागवला. चहा संपेपर्यंत माणूस उठत नाही, हे नोकरीत लवकर कळतं.

खरी भानगड मात्र जिन्यात कळली. कसल्याशा तुटफुटीवरून कारखान्याने ठेकेदाराची दोन बिलं अडवली होती. भांडण या दोघांचं, चुली बावीस घरच्या विझलेल्या. ठरलं असं, की बिलं मोकळी करायची, पण पैसे थेट कामगारांना, डिमांड ड्राफ्टने. चेक मी घेऊ देत नसे. पूर्वी एकदा घेऊ दिला होता. चेक परत आला, मालक काही आला नाही.

करारनामा टाईप झाला. समेटात वकिलाला सहसा वाव नसतो, म्हणून ठेकेदाराने ‘सल्लागार’ आणला होता. त्याने शेवटी गुपचूप एक ओळ घातली: यापुढे कामगारांचे कोणतेही येणे बाकी नाही. माझ्या नजरेतून ती सुटली होती, हे कबूल करतो. मोठ्याने वाचून दाखवताना मागून लातूरकडचे एक वयस्कर हेल्पर म्हणाले, “अन् बोनस, साहेब?” सगळे त्यांना मामा म्हणत.

ओळ खोडली. खोडल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या आणि मामांचा अंगठा घेतला. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) वरून आमच्या बोलीत हा ‘बारा-तीन’चा करार, तो मोडला तर त्याच कायद्याच्या कलम ३३-क खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली निघायची. ठेकेदाराला ते ठाऊक होतं.

नवव्या दिवशी ड्राफ्ट आले. एकावर नाव चुकलं होतं, मामांचंच. तो बदलून यायला आणखी अकरा दिवस गेले. बोनससाठी वेगळी फाईल उघडावी लागली.