कृषी सेवा केंद्रासाठी सुरक्षा कॅमेऱ्याची निवड

हंगामाच्या तोंडावर गावातील कृषी सेवा केंद्रात दहा-बारा गिऱ्हाइके एकाच वेळी उभी असतात. दुकानदार एकाला बियाण्याची पिशवी दाखवीत असता दुसरीकडे फळीवरील औषधाची बाटली नाहीशी होते. कीटकनाशकाची बाटली आकाराने लहान, पण किमतीने भारी असते. शिवाय ते विष असल्याने ती कोणाच्या हाती गेली हे कळणे अगत्याचे असते. अशा वेळी पहिला संशय दुकानातील गड्यावर किंवा उधारीच्या गिऱ्हाइकावर येतो. कॅमेरा असूनही चेहरा ओळखू येत नसेल तर हा संशय फिटत नाही. उलट अंधुक आकृतीवरून भलत्याच माणसाचे नाव घेतले जाते. म्हणून कॅमेरे किती घ्यावेत, यापेक्षा त्यांनी नेमके काय दाखवावयास हवे, हे आधी ठरविणे इष्ट होय.

जागा ठरविणे

प्रथम दुकानाचा साधा नकाशा कागदावर काढावा व त्यावर तीन जागांवर खुणा कराव्यात. दारात येणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. गल्ल्यापाशी माल व पैसे देणारे-घेणारे हात दिसले पाहिजेत. गोदामाच्या दाराशी कोण, किती वाजता आत गेला हे कळले पाहिजे. औषधांची फळी यांपैकी कोणत्याही चित्रात येत नसल्यास तिच्यासाठी चौथा कॅमेरा घ्यावा. लहान दुकानास एवढे पुरे होते.

भिंग व अंतर

२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० बिंदू असतात. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखावयाचा तर दर मीटर रुंदीस सुमारे २५० बिंदू लागतात. ओळखीचा माणूस १२५ बिंदूंतही ओळखू येतो. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा अधिक रुंदीची जागा आली की अनोळखी चेहऱ्याची खात्री उरत नाही. २.८ मिलिमीटरच्या भिंगातून विस्तृत जागा दिसते, परंतु ही मर्यादा सुमारे ३ मीटर अंतरावरच येते. ४ मिलिमीटरच्या भिंगास ती सुमारे साडेचार मीटरवर, तर ६ मिलिमीटरच्या भिंगास सुमारे ८ मीटरवर येते. सबब गल्ल्यासाठी २.८ मिलिमीटरचे भिंग योग्य, आणि लांबून दाराकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यास ४ किंवा ६ मिलिमीटरचे.

चेहरा टिपणारा कॅमेरा जमिनीपासून २ ते अडीच मीटर उंचीवर असावा. तो छताशी बसविल्यास गिऱ्हाइकाची टोपी किंवा पागोटे तेवढे दिसते.

उजेड व अंधार

दुपारी दारातून येणारा माणूस पाठीमागील उन्हामुळे चित्रात काळा दिसतो. अशा दारासाठी, उजेड व सावली दोन्ही सांभाळणारी ‘डब्ल्यूडीआर’ ही सोय असलेला कॅमेरा घ्यावा. रात्री कॅमेरा अवरक्त दिव्यांच्या साहाय्याने पाहतो. तो काचेआड बसविल्यास हा प्रकाश काचेवरून उलटतो व चित्र पांढरे पडते. कोळ्याची जाळी व किडे यांचाही तसाच उपद्रव होतो. म्हणून भिंगापुढील काच दर आठवड्यास मऊ कापडाने पुसावी.

चित्रे किती दिवस टिकतात?

एक कॅमेरा सेकंदास २ मेगाबिट या गतीने नोंद करीत असेल तर दिवसास सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ती सुमारे ८६ गिगाबाइट होते. या हिशेबाने १ टेराबाइटची हार्ड डिस्क ११ दिवसांत, तर २ टेराबाइटची २३ दिवसांत भरते. त्यानंतर जुनी चित्रे पुसली जाऊन त्यांच्या जागी नवी येतात. ‘एच. २६५’ पद्धतीच्या रेकॉर्डरमध्ये हीच जागा जवळजवळ दुप्पट दिवस पुरते.

या हिशेबाचा साठ्याच्या मोजणीशी निकटचा संबंध आहे. जो दुकानदार महिन्यातून एकदाच माल मोजतो, त्याला तूट कळेपर्यंत त्या दिवसाचे चित्र पुसले गेलेले असते. कीटकनाशकांचा साठा दर आठवड्यास मोजावा, म्हणजे चित्र हाताशी असतानाच शोध घेता येतो.

वीज व खरेदी

चार कॅमेरे व रेकॉर्डर मिळून सुमारे ४० वॅट वीज घेतात. सहा तास वीज गेल्यास २४० वॅट-तास लागतात; १२ व्होल्ट, ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर हे काम भागते. विजेच्या कडकडाटाने यंत्रे जळू नयेत म्हणून जमिनीशी नीट जोडणी (अर्थिंग) करून घ्यावी. रेकॉर्डर गल्ल्यावर न ठेवता कुलपात, पण हवा खेळेल अशा जागी ठेवावा. चोराने तोच नेला तर सर्व खर्च वाया जातो. नोंद होण्यास इंटरनेट लागत नाही. दूरवरून मोबाइलवर पाहावयाचे असेल तरच ते लागते.

भारतात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षिततेच्या कसोट्या लागू झाल्या आहेत. सबब भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहून, पक्की पावती व हमीपत्र घेऊनच खरेदी करावी. कारखान्याने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

बसविल्यानंतरची परीक्षा

पैसे चुकते करण्यापूर्वी एका माणसास सायंकाळी टोपी घालून दारातून आत येण्यास सांगावे व नंतर नोंदलेले चित्र पाहावे. चेहरा ओळखू येत नसेल तर कॅमेऱ्याची जागा बदलून घ्यावी. रेकॉर्डरचे घड्याळ बरोबर आहे की नाही हे तपासावे व पेन ड्राइव्हवर प्रत कशी काढावयाची ते शिकून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी प्रत न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून चोरी आढळताच मूळ नोंद पुसली जाऊ न देता पोलिसांस कळवावे.

कॅमेरे असल्याची पाटी दारावर लावावी. शेजाऱ्याचे अंगण किंवा गिऱ्हाइक पिन टाकते ते यंत्र चित्रात येऊ देऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुकानदारांस हेही समजावून द्यावे की, स्पष्ट चित्राने चोर सापडतो, त्याचप्रमाणे निरपराध गड्यावरील आळही दूर होतो. आणि गावाच्या दुकानात या दुसऱ्या लाभाचे मोल पहिल्याहून कमी नाही.