वर्षभराचा परदेश : जाणारा एक, तयारी साऱ्या घराची

आमच्या वसतिगृहात शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी अनेक जण आज शिक्षकी पेशात आहेत. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील एखाद्या शिक्षिकेची परदेशातील वर्षभराच्या अध्यापनासाठी निवड झाल्याचे पत्र उद्या आले, तर अभिनंदनाचे हार त्याच संध्याकाळी सुकतील आणि घरात प्रश्न सुरू होतील. मुले कोणाकडे राहतील? भातलावणी कोण पाहील? सासूबाईंच्या औषधपाण्याचे काय? हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. त्यांची उत्तरे वेळेवर न सापडल्याने चालून आलेली संधी नाकारावी लागते, आणि ती बहुधा घरातील स्त्रीलाच नाकारावी लागते. म्हणून या तयारीचा विचार येथे मांडत आहोत.

अध्यापक-विनिमयाची मूळ कल्पना साधी आहे. दोन देशांतील दोन शिक्षकांनी काही काळ एकमेकांचा वर्ग सांभाळावा. आज अशी थेट अदलाबदल कमी होते. तिची जागा अभ्यासवृत्तींनी घेतली आहे. भारत आणि अमेरिका यांच्यातील शैक्षणिक विनिमयाचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. त्यातील प्रमुख अभ्यासवृत्ती २००८ पासून फुलब्राइट-नेहरू या नावाने ओळखल्या जातात. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची शिक्षक-प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती सुमारे दीड वर्षाची असून ती किमान पाच वर्षे अध्यापन केलेल्या तरुण शिक्षकांसाठी आहे. कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च मात्र ती देत नाही. त्यामुळे सोबत कोणी जावे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी हिशेबाच्या वहीत येतो.

आपल्याकडे याचे जुने उदाहरण आहे. पाली भाषेचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी १९१८ साली ते पुन्हा हार्वर्ड विद्यापीठाकडे निघाले, तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. पत्नी बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. दामोदर तिकडच्या शाळांत शिकला, आणि हाच मुलगा पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून नावारूपाला आला. परदेशातील त्या वर्षांचे श्रेय आपण विद्वान पित्याला देतो. मागे घर राखणाऱ्या बाळाबाईंचा उल्लेख क्वचितच होतो.

बाबासाहेबांच्या बाबतीतही हेच दिसते. बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या करारावर त्यांनी ४ जून १९१३ रोजी सही केली. करारावर सही एकाचीच होती. त्याचा भार रमाईंनीही वाहिला.

आजही करार असतोच. अध्ययन रजा मिळाल्यास परत येऊन ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. अमेरिकेत शासकीय खर्चाने विनिमय-व्हिसावर गेलेल्यांना सामान्यतः दोन वर्षे मायदेशी राहिल्याखेरीज तेथे कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. सही करण्यापूर्वी हे घरात सर्वांना वाचून दाखवावे. रजा पगारी की बिनपगारी, हे संस्थेकडून वा जिल्हा परिषदेकडून लेखी घ्यावे. कारण पगार थांबला तरी शिक्षक पतसंस्थेचा हप्ता थांबत नाही.

कागदपत्रांत अडथळा येतो तो बहुधा नावाचा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरील नावे अक्षर न अक्षर जुळली पाहिजेत. मुलांचे पासपोर्ट स्वतंत्र लागतात. लसीकरणाची कार्डे जपून ठेवावीत, कारण अमेरिकेतील शाळा प्रवेशाच्या वेळी ती मागतात. शेती किंवा बँकेचे व्यवहार पाहणाऱ्या व्यक्तीच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करावे. पीक पाहणीची नोंद कोणी करायची, हेही ठरवून ठेवावे.

मुले बरोबर गेली, तर परतीचा विचार जाण्यापूर्वीच करावा. आपले शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते, अमेरिकेतील ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये; त्यामुळे वर्षाच्या मधोमध शाळा बदलावी लागू शकते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. तथापि २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील शाळांत मराठी अनिवार्य आहे. म्हणून मराठीची पुस्तके सामानात असावीत आणि रोज एक पान वाचले जावे.

मुले मागे राहिली, तर बोलण्याची वेळ बांधून घ्यावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपले घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. आई सकाळी शाळेला निघते, तेव्हा इकडे मूल संध्याकाळचा अभ्यास करीत असते. ती वेळ त्याची. पावसाळ्यात वेल्ह्याच्या खोऱ्यात फोन लागेनासा झाला, तर मुलाने घाबरू नये, हेही आधीच सांगावे. आजीआजोबांच्या औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक आणि रात्री-अपरात्री पुण्याला नेणाऱ्या वाहनाची सोय भिंतीवर लिहून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची तयारी मात्र कोणत्याही कार्यालयात होत नाही. जाण्यापूर्वी दोन महिने घरातील पुरुषाने स्वयंपाक, मुलांचे डबे, पालकसभा आणि आईची औषधे स्वतः सांभाळून पाहावीत. जमले नाही, तर चुका सुधारायला हाताशी वेळ असतो. बाळाबाईंनी आणि रमाईंनी हे कोणत्याही सरावाशिवाय केले. आता जाणारी ती असेल, तर मागे राहणाऱ्या त्याने ते शिकून घ्यावे, एवढीच आमची अपेक्षा.

वर्ष संपते. शिक्षिका आपल्या वर्गात परतते, तेव्हा नव्या पद्धती, नवे अनुभव आणि दूरच्या मुलांची पत्रे घेऊन येते. त्या वर्गातील प्रत्येक मूल घराच्या त्या एका वर्षाचे ऋणी असते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या दारी असे पत्र येईल, त्यांनी ते परत पाठवण्यापूर्वी एकदा आम्हांला भेटावे. एखाद्या घराला वर्षभर आधार देणे आपल्या समाजाला जड नाही.